तारकर्ली, डिसेंबर आणि इंदुरी पोट: सहा दिवसांच्या होमस्टेचा रिव्ह्यू

आधीच सांगते, होमस्टेचं नाव टाकणार नाहीये. तीनच खोल्या आहेत त्यांच्याकडे आणि इथे नाव लिहिलं की पुढच्या डिसेंबरात मलाच जागा मिळायची नाही, इतकं मोठं मन माझं नाही. तारकर्लीहून देवबागकडे जाताना एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये जमिनीची ही एवढीशी पट्टी, त्या पट्टीवर माडाच्या वाडीत हे घर. अशी घरं तिथे ओळीने आहेत, त्यामुळे मी जे लिहितेय त्यातलं बरंचसं शेजारच्या घरालाही लागू पडेल बहुतेक.

आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगर. डिसेंबरात आमच्याकडे रात्री आठ-नऊ डिग्री होतं, सकाळी स्कूटी सुरू होत नाही आणि सासूबाईंचे गुडघेही. पोराची हाफ-इयरली संपली होती, नवऱ्याच्या सुट्ट्या लॅप्स होत होत्या, म्हणलं चला कुठेतरी ऊन खायला जाऊ. फक्त २५ तारखेच्या आत घरी परत यायचं हे पक्कं, कारण नाताळपासून न्यू इयरपर्यंत तिकडे उभं राहायला जागा नसते आणि भावाचं तर विचारूच नका. अवंतिकाने मुंबई, एक दिवस ठाण्याला मावशीकडे, मग मांडवी एक्सप्रेसने कुडाळ. मांडवी खाण्यासाठी प्रसिद्ध आहे हे ऐकलं होतं, ते खरंय, डब्यात काहीतरी घेऊन माणूस येतो, तो जातो तोवर दुसरा येतो, पोरगा पनवेल ते चिपळूण खातच होता. कुडाळहून तासाभराची रिक्षा.

आणि हो, आम्ही चार स्वेटर, दोन शाली आणि सासूबाईंची कानटोपी घेऊन गेलो होतो. समुद्रावर वारा असतो असं त्यांचं म्हणणं. कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा संध्याकाळ होती आणि माझ्या पाठीला घाम फुटलेला. दुपारी तिथे तीस-बत्तीस डिग्री सहज, रात्री पंखा लावून पातळ चादर. स्वेटरच्या बॅगेची चेन सहा दिवसांत एकदाही उघडली नाही. ती बॅग लक्षात ठेवा, नंतर येते.

घरवाल्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, जेवक काय व्हया? नवरा आरामात म्हणाला, आत्ता राहू द्या काकू, फ्रेश होतो, जरा चक्कर मारून येतो, दहा-साडेदहाला बघू बाहेर काहीतरी. काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. आता तुम्हाला इंदूर माहीत असेल तर कळेल, आमच्याकडे सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यावर खाण्याची दुकानं लागतात, रात्री दहाला तर आम्ही घरातून निघतो. इथे नऊ वाजता बाहेर पडलो तर रस्त्यावर आम्ही चौघं, एक कुत्रं आणि समुद्राचा आवाज. चहाची टपरीपण बंद. सव्वानऊला चेहरे पाडून परत आलो तर काकूंनी ताट वाढूनच ठेवलं होतं, भात, डाळ, तळलेले बांगडे, सासूबाईंना बटाट्याची भाजी. म्हणाल्या, माका म्हायत होता. बस, त्या दिवसापासून आम्ही साडेआठला जेवून साडेनऊला झोपायला लागलो, पोरगासुद्धा, जे इंदुरात बाळ असतानाही कधी झालं नव्हतं.

तर इथल्या जेवणाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: उद्या काय खायचं ते आज रात्री सांगायचं. मेन्यू कार्ड वगैरे भानगड नाही. काका पहाटे बंदरावर जातात, जे ताजं मिळेल ते आणतात, म्हणजे तुम्ही पापलेट सांगितलं आणि पापलेट चांगलं आलंच नाही तर सुरमई येते, आणि त्यावर चर्चा नाही. मला सुरुवातीला हे जरा दादागिरीचं वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी तोंडात पहिला घास गेल्यावर नाही वाटलं.

रविवारी सकाळी आम्हाला रापण बघायला मिळाली. होडीतून मोठं लांब जाळं समुद्रात गोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, एकेका दोराला दहा-पंधरा जण, मागे मागे चालत. आमचा पोरगा जाऊन लागला दोराला, कोणी काही बोललं नाही, उलट एका आजोबांनी त्याला पाय कसे रोवायचे ते दाखवलं. ओल्या दोराने त्याचे तळवे लाल झाले. जाळं वर आलं तेव्हा आत नुसती चांदी उसळत होती, तारली, बांगडे, आणि मध्येच एक फुगलेला काटेरी मासा, जो त्यांनी उचलून परत पाण्यात फेकला. बायका टोपल्या घेऊन तिथेच वाळूवर वेगवेगळे करायला बसल्या. आमच्याकडे मासा म्हणजे रोहू, बर्फात ठेवलेला, डोळा पांढरा पडलेला. इथे तो वाळूवर उड्या मारत होता, आणि दोन तासांनी तोच भाऊबंद आमच्या ताटात.

आता घरातली गोष्ट सांगायची तर, माझं माहेर ग्वाल्हेरचं, मराठ्यांचं, मटणाशिवाय रविवार नाही. सासरी मात्र कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. नवरा त्या जातीतला जे बाहेर सगळं खातात आणि घरात काहीच खात नाहीत, म्हणजे सासूबाईंना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे नवऱ्यालाही माहीत आहे, पण समोर कधी नाही. इथे जेवायची जागा एकच, पडवीत दोन टेबलं. पहिल्या दिवशी सासूबाई स्वतःच उठून दुसऱ्या टेबलाला गेल्या आणि माडांकडे तोंड करून बसल्या. म्हणाल्या, मला वारा इकडे बरा लागतो. नवऱ्याने पंचेचाळीसाव्या वर्षी आईच्या पाठीमागे तीन फुटांवर बसून बांगड्याची कढी ओरपली. काकूंनी सासूबाईंसाठी वेगळी चूल, वेगळी भांडी ठेवली होती, न सांगता, फक्त फोनवर बुकिंग करताना मी "एक जण व्हेज" एवढंच बोलले होते. या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी पाच देते.

बांगड्याच्या कढीत तिरफळं असतात. नाव ऐकलं असेल, छोटी काळपट उघडलेली बोंडं, अख्खीच टाकतात. ती चावायची नसतात, बाजूला काढायची असतात. हे काकूंनी सांगितलं पण नवऱ्याने चावल्यानंतर. पाच मिनिटं जीभ बधिर, बोलता येईना, सासूबाई तिकडून न वळता विचारतायत काय झालं रे, आणि हा नुसता हूं हूं. पण वास काय येतो त्या कढीला, नारळ, कोकम, तिरफळ, आणि बांगड्याचा स्वतःचा तेलकटपणा, भातावर घेतली की बोटं चाटत बसा.

सोलकढीचं वेगळं लिहायलाच पाहिजे. काकू नारळ खवून पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर वाटतात, पिळून दूध काढतात, मग त्यात कोकमाचं आगळ. रंग फिका गुलाबी येतो, भडक नाही. पेल्यात दहा मिनिटं ठेवली तर खाली जरा पातळ आणि वर दाट असं वेगळं होतं, ढवळून प्यायची. हे ढवळणं लक्षात ठेवा, खरी-खोटी ओळखायला पुढे उपयोगी पडतं.

मग आला सोमवार. आदल्या रात्री आम्ही मोठ्या उत्साहात सुरमई सांगायला गेलो तर काकू म्हणाल्या, उद्या सोमार, उद्या मासे नाय. त्यांच्याकडे सोमवार शंकराचा. आणि गुरुवारपण नाही, कारण मार्गशीर्ष चालू होता, मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीचा घट मांडतात. म्हणजे डिसेंबरात खास मासे खायला जाणाऱ्यांनो, बुकिंगच्या आधी कॅलेंडर बघा, मोबाइलचं नाही, भिंतीवरचं. नवऱ्याचं तोंड उतरलं. पण खरं सांगू का, मला सहा दिवसांतलं सगळ्यात आवडलेलं जेवण त्या सोमवारचंच. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोबत आंबोळ्या. काळे वाटाणे आमच्याकडे मिळतच नाहीत, छोटे, काळपट, कडक सालीचे, रात्रभर भिजवूनही दाताला लागतात, आणि भाजलेल्या नारळाचं दाट वाटण. सासूबाईंनी तीन आंबोळ्या खाल्ल्या आणि त्या दिवशी आमच्याच टेबलाला बसल्या. दुपारी चार वाजता शिरवाळे आले, तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, नारळाच्या गुळवणी दुधात बुडवून. पोरगा म्हणाला मम्मी हे गोड मॅगी आहे. असो.

ओल्या काजूची उसळ मी कुठेतरी वाचून मनात धरून गेले होते. काकू हसल्या, आता खंय ओले काजू, शिमग्याच्या टायमाक येवा. तर ज्यांना तेच खायचंय त्यांनी थंडीत नाही, होळीच्या आसपास जा.

बुधवारी कोंबडी-वडे. वडे म्हणजे आपल्या डोक्यातले बटाटेवडे नाहीत, पुरीसारखे फुगलेले, तांदूळ आणि डाळींच्या जाडसर पिठाचे, आत मेथी-धण्याचा वास. गरम असताना फोडला की वाफ येते, गार झाला की चिवट होतो, त्यामुळे काकू एकेक तळून आणून टाकत होत्या आणि आम्ही नको नको म्हणत खात होतो. इथे आमच्या पोराने जो पराक्रम केला तो सांगते. आम्ही इंदुरी लोक घराबाहेर पडताना सेव आणि जिरावण घेतल्याशिवाय निघत नाही, जिरावण म्हणजे तो मसाला जो आमच्याकडे पोह्यांवर, गराडूवर (थंडीतला तळलेला कंद), पेरूवर, सगळीकडे पडतो. मंगळवारी पोराने तळलेल्या सुरमईवर जिरावण भुरभुरलं. काकू बघत होत्या. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग आत जाऊन एक रिकामी बाटली घेऊन आल्या. अर्धं जिरावण तिकडेच राहिलं. बुधवारी रश्शावर रतलामी सेव टाकायला मात्र त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, आणि बरोबरच होतं त्यांचं.

आता गुरुवार, म्हणजे ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले. मासे नाहीत म्हणून नवऱ्याला चैन पडेना, म्हणाला एक दिवस सी-फेसिंग जेवू, एवढे लांब आलोय. किनाऱ्यावर एक मोठं रेस्टॉरंट, नाव नाही लिहीत, झावळ्यांचं छत, दिव्यांच्या माळा, फोटोत एकदम झकास. सुरमई थाळी साडेपाचशे, काकूंकडे साडेतीनशे. ऑर्डर देऊन एक तास दहा मिनिटं. तेवढ्यात पोरगा दोन प्लेट फ्राइज खाऊन बसला. थाळी आली तर सुरमईचा तुकडा इतका पातळ की पलीकडचा सूर्यास्त दिसावा, वरचा रवा जाड आणि आत मासा कोरडा, बर्फातला, तो वास लपत नाही. चपात्या गार. आणि सोलकढी, अहो भडक गुलाबी, रोझ मिल्कसारखी. मी मुद्दाम पंधरा मिनिटं ठेवून बघितली, काही वेगळं होईना, तशीच्या तशी. नारळ तिच्या आसपासही फिरकला नसेल. सासूबाईंना पनीर टिक्का मसाला, जो इंदुरात आमच्या गल्लीच्या तोंडावर याहून चांगला मिळतो. वेटर पोरगा बिचारा चांगला होता, त्याला हळूच विचारलं, मासे कुठून येतात रे, तो म्हणाला फ्रीजमधून. शेजारच्या टेबलावरचे लोक मात्र खूश होते, त्यांनी चायनीज मागवलं होतं.

परत आलो तर काकूंनी घटाचा नैवेद्य आमच्यासाठी झाकून ठेवलेला. पुरणपोळी. नवरा गुपचूप खात होता.

खाण्याशिवाय काय केलं तर काहीच नाही, आणि तेच करायला गेलो होतो. दोन माडांमध्ये हॅमॉक बांधलाय, पण पहिल्या दिवशी मी त्यात पडले तेव्हा काका धावत आले आणि वर बोट दाखवलं, तयार नारळांचा घड बरोबर माझ्या डोक्यावर. मग तो हॅमॉक सुरूच्या झाडांकडे हलवला. दुपारी एक ते चार तिथे पडून राहायचं, ऊन झाडांतून खाली येतं, वारा खारट, पायाला वाळू, आणि आपल्याला कुठे जायचं नाहीये. सासूबाई सकाळी ओहोटीला ओल्या कडक वाळूवर अनवाणी चालायच्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या गुडघा दुखत नाहीये ग, मग लगेच हळू आवाजात टच वूडसाठी काठी शोधायला लागल्या. पाणी डिसेंबरात शांत असतं, पोरं कमरेपर्यंत खेळतात, पण देवबागला जिथे कर्ली समुद्राला मिळते तिथे मात्र पोहायला उतरू नका, वरून गुळगुळीत दिसतं आणि खालून ओढ असते, काकांनी रोज सकाळी हे सांगितलं.

एक दिवस मालवणला जाऊन सिंधुदुर्ग. बोटीने थोडाच वेळ लागतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, हे शाळेत पाठ केलं होतं, पण चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे डोळ्यांनी बघितल्यावर पोरगा चक्क पाच मिनिटं गप्प होता. स्कूबाच्या मागे लागणारे बरेच असतात जेट्टीवर, आम्ही नाही केलं, मला कानात पाणी गेलेलं चालत नाही.

किनाऱ्यावर कचऱ्याचं जरा बोलते, इंदूरचे आहोत, राहवत नाही. २०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय तेव्हापासून आमचं वागणं जरा बिघडलंय हे मान्य. सासूबाई चिप्सचं रिकामं पाकीट हातात धरून अर्धा किलोमीटर चालल्या पण डबा सापडला नाही, शेवटी पर्समध्ये टाकलं. गावाच्या आतली वाडी चकाचक, अंगणं झाडलेली, घाण जी काय आहे ती आपण टुरिस्टांनी करून ठेवलेली आहे, विशेषतः बाटल्या.

होमस्टेच्या तक्रारी पण आहेत, नाहीतर म्हणाल बाई विकली गेली. गरम पाणी चुलीवर तापवून बादलीने मिळतं, सकाळी साडेसातच्या आत मागितलं तर मिळतं, नंतर चूल जेवणाला लागते. आमच्या बाथरूमची कडी नीट लागत नव्हती, सहा दिवस मी गाणी म्हणत आंघोळ केली. संध्याकाळी डास आहेत, कॉइल सोबत न्या. लाइट दोनदा गेली, एकदा रात्रभर. मोबाइलची रेंज फक्त विहिरीजवळ, त्यामुळे नवऱ्याच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये पाठीमागे रहाटाचा आवाज. खोलीचे दोन हजार रोज, जेवण वेगळं, व्हेज दीडशे, बांगडा दोनशे, सुरमई साडेतीनशे, आणि वाढप अनलिमिटेड असं कुठे लिहिलेलं नाही पण काकू ताट रिकामं दिसू देत नाहीत. एसी हवा असेल, स्विमिंग पूल हवा असेल तर ही जागा तुमची नाही. रात्री अकराला भूक लागणाऱ्यांनी खाकरे न्यावेत.

एक गंमत राहिली. काका पहिल्या दिवशी आमचं बोलणं ऐकून म्हणाले, तुम्ही हिंदीवाले मराठी बरी बोलताय. सासूबाईंना हे फार लागलं. आमचं घराणं होळकरांच्या वेळेपासून तिकडे आहे, हे त्यांनी काकांना सलग तीन संध्याकाळी सांगितलं. शेवटच्या दिवशी काका म्हणाले, वहिनी, तुमची मराठी जुनी आसा, आमची मालवणी त्याहून जुनी. मग दोघं हसले.

शुक्रवारी निघताना मालवणच्या बाजारातून खाजं घेतलं, बेसनाच्या जाड काड्यांवर आल्या-गुळाचा पाक, आम्हा सेववाल्यांना हे आपलंच कोणीतरी गूळ खाऊन आल्यासारखं वाटलं. काकूंनी मसाला दिला, तिरफळं दिली आणि घरच्या आगळाची एक बाटली, जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून, झाकणावर प्लास्टिक बांधून. ती कुठे ठेवायची, तर जी बॅग सगळ्यात मऊ होती त्यात, स्वेटरांच्या मध्ये.

झाकण कुठेतरी रत्नागिरीच्या आसपास सैल झालं असावं. इंदूरला पहाटे उतरलो, कडाक्याची थंडी, बॅग उघडली तर नवऱ्याचा क्रीम स्वेटर छातीपासून खाली पूर्ण लालजांभळा आणि सगळ्या बॅगेला सोलकढीचा वास. दोनदा धुतला, निघत नाही. बाटलीत चार बोटं आगळ उरलं होतं, ते सासूबाईंनी आमटीत घालायला काढून ठेवलंय. परवा तोच स्वेटर घालून आम्ही सराफ्यात गराडू खायला गेलो होतो, रात्री अकराला.